घरी गोड, कागदावर कडू

डेल्फा स्टिडमला पॉपलर खोऱ्यात कुणी नावाने हाक मारत नसे. तिचा ट्रक ओढ्याच्या पाण्यातून खडखडत वर येताना दिसला की ओसरीवरच्या बाया म्हणायच्या, "आली गं खेळवणारी." यात कौतुक शोधू नका, टोमणाच होता तो. धडधाकट चोपन्न वर्षांची बाई लोकांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून दोन वर्षांच्या पोरांसोबत पातेल्यांची झाकणं वाजवत बसते, याला का काम म्हणायचं? आमच्याकडे काम म्हणजे खाणीतलं. खाणी बंद पडून बारा वर्षं झाली, तरी कामाबद्दलचं हे मत काही कुणी बदललं नव्हतं.

पण काम होतं, आणि अवघड होतं. केंटकीच्या या डोंगरात जी पोरं वेळेवर बोलत नाहीत, चालत नाहीत, हाक मारली तर वळून बघत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन डेल्फा आठवड्यातून एकदा तासभर बसायची. खेळण्यांची पिशवी न्यायची नाही असा नियम होता. पिशवी नेली की बाईच्या मागोमाग पोराचं शिकणंही घराबाहेर पडतं. म्हणून घरात असेल तेच वापरायचं, पळी म्हणा, कपड्यांची टोपली म्हणा, घेवड्याचे सुके दाणे म्हणा. आणि हे सगळं पोर तीन वर्षांचं होईपर्यंतच. तिसऱ्या वाढदिवसाला डेल्फाचं येणं बंद, त्या दिवसापासून पोर शाळेच्या ताब्यात. शाळेत अशा लहानग्यांसाठी वेगळा वर्ग होता. आठच पोरं, दोन बाया, शिवाय बोलायला शिकवणारी तिसरी. वर्ग चांगला होता, डेल्फा ते छातीवर हात ठेवून सांगायची. फक्त तिथे जागा मिळायची ती शाळेच्या तपासणीत नापास होणाऱ्याला.

हो, नापास होणाऱ्यालाच. जे पोर पास झालं ते शहाणं ठरलं. त्याने घरी बसायचं आणि पाच वर्षांचं झालं की यायचं.

त्यामुळे या कामात एक रीत पडून गेली होती. कुणी शिकवलेली नाही, पण हे काम करणाऱ्या सगळ्याच बाया पाळायच्या. घरी गोड बोलायचं आणि कागदावर कडू लिहायचं. घरी डेल्फा म्हणायची, "अगं बाई, आज तीनदा माझ्या डोळ्यांत बघितलं की याने!" आणि ट्रकजवळ उभी राहून कागदावर लिहायची, दहापैकी सात वेळा प्रतिसाद नाही. दोन्ही खरंच असायचं. पण कागदावर पहिली गोष्ट लिहिली तर राजधानीतले साहेब म्हणणार, सुधारलंय की पोर, बंद करा जाणं. म्हणून कागदावर पोराची नुसती उणीदुणी. खाली घरच्यांची सही लागायची. घरचे सही करायचे, वाचत कुणीच नसे. जी बाई आपल्या पोराला पोटाशी धरते ती काय लिहिणार वाईट? डेल्फाला त्यात कधी गैर वाटलं नाही. औषध कडूच असतं, असं ती स्वतःला समजवायची. मला विचाराल तर तिने त्यावर फारसा विचारच केला नव्हता.

खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला मॉडी नोबल राहायची. सदुसष्ट वर्षांची, काटक, दाढेत सदा तपकिरीची चिमूट. नवरा कोळशाची धूळ छातीत भरून गेला. मुलगी क्रिस्टा नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली आणि कुठे असते ते विचारायची सोय नव्हती. क्रिस्टाचं थोरलं पोर सरकारी बायांनी नेलं होतं. तीन बाया आल्या, हातात कागद, गोड हसल्या, चहा प्यायल्या आणि चार महिन्यांची नात घेऊन गेल्या. शहरातल्या कुठल्याशा घरात दिली म्हणे. नंतर मॉडीला तिचं साधं नखही दिसलं नाही. धाकटा वेलन मॉडीकडे होता. तो दीड वर्षाचा झाला तरी तोंडातून अक्षर नाही, की आजीकडे हसून बघणं नाही. दाराच्या बिजागरीकडे बघत बसायचा. मनाविरुद्ध झालं की जमिनीवर डोकं आपटायचा.

डेल्फा पहिल्यांदा आली तेव्हा मॉडीने जाळीच्या दाराला आतून कडी घातली होती.

"कागद आणलायस?"

"आणलाय, मावशी."

"मग तो घेऊन चालू लाग."

डेल्फा गेली नाही. ओसरीच्या पायरीवर बसली आणि सोबत आणलेला डबा उघडून जेवली. पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी मॉडीने दार उघडलं आणि म्हणाली, "ये बाई आत. लोक म्हणतील मॉडी नोबल भुकेल्याला दारात बसवते." मग ताकात मक्याचा पाव कुस्करून पुढ्यात ठेवला. तेव्हापासून दीड वर्ष दर गुरुवारी डेल्फा त्या घरात जेवली. मॉडी तिला "डेल्फे" म्हणायची, चिडवायची. "एवढी शिकलीस आणि दाणे मोजत बसतेस गं! माझ्या आईने बिनशिकता मोजले असते." डेल्फा म्हणायची, "मोजा ना मग, माझं पोट भरेल तुमच्या जिवावर." आणि वेलन त्या दोघींच्या मधे बसून केकच्या साच्यात एकेक दाणा टाकायचा. एके दिवशी टाकताना म्हणाला, "आत." मॉडी उठून परसात गेली आणि कितीतरी वेळ आलीच नाही. डोळे लाल करून परतली आणि म्हणाली, "कांदे निवडत होते."

असं करत करत पोर पावणेतीन वर्षांचं झालं. त्याच्याजवळ वीसेक शब्द जमले, पण एकही शब्द तो काही मागायला वापरत नसे. तहान लागली तर "पाणी" नाही म्हणायचा, डोकं आपटायचा. एकोणीस जूनला तीन वर्षं पुरी होणार होती. मे महिन्यात शाळेची बाई तपासायला येणार होती. प्रॅटरबाई. स्वभावाने वाईट नव्हती ती, कामाने पिचलेली होती.

"काय विचारेल ती?" मॉडीने तीन आठवडे आधी विचारलं. चेहरा पांढराफटक.

"काही नाही हो. चित्रं दाखवेल, ठोकळे रचायला सांगेल. घाबरायचं काय त्यात?"

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर उत्तमच! मावशी, ऐका माझं. त्याला आहे तसा राहू द्या. त्याचा सगळ्यात वाईट दिवस दिसू दे तिला. ती विचारेल तेव्हा तुम्हीही वाईटच सांगा."

मॉडीने हातातली सुरी खाली ठेवली. "माझ्या रक्ताची निंदा मी परक्या बाईपुढे करू? तीसुद्धा कागदवालीपुढे?"

"निंदा नाही ओ..."

"थोरलीच्या वेळी मी खरं सांगितलं होतं, डेल्फे. आई धड नाही म्हणून सांगितलं. काय झालं पुढे?"

 डेल्फा म्हणाली, "या बाया वेगळ्या, त्या वेगळ्या." पण आमच्या डोंगरात कागदवाल्या बाया सगळ्या एकच. शिवाय पाहुणा घरी यायचा म्हटलं की पोराचं तोंड धुवायचं, भांग पाडायचा आणि ते चुणचुणीत दिसेल असं करायचं, ही इथली रीत. पोर गबाळं दिसलं तर आजीची लाज जाते. ही गोष्ट डेल्फाला कळायला हवी होती. ती काही बाहेरून आलेली नव्हती, शेजारच्याच खोऱ्यात वाढलेली होती. पण दीड वर्ष इथे जेवली, तेव्हा वाटलं मावशी आपलं ऐकेल.

मॉडीने काय केलं ऐका. बियाण्यांच्या दुकानाची जुनी रंगीत पुस्तकं आणि वाणसामानाच्या जाहिराती काढल्या, कात्री घेतली. कप, बूट, कुत्रा, चमचा, चेंडू, गाडी, सगळी चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. सकाळ-दुपार वेलनला पुढ्यात बसवायचं, चित्र दाखवायचं. बरोबर म्हणाला की वाळवलेल्या सफरचंदाची फोड. नाही म्हणाला की पुन्हा. डोकं आपटलं की डोक्याखाली उशी सरकवायची आणि पुन्हा. तीन आठवडे तिने दुसरं काही केलं नाही. बागेत गवत माजलं. गुरुवारी डेल्फा आली की ती चित्रं पलंगाखाली लपवलेली असायची.

आणि पोर शिकलं! बुटाचं चित्र बघितलं की "बूट" म्हणायचं, खणखणीत. पायातला खरा बूट दाखवला तर ढिम्म. पण तपासणीला खरे बूट कोण आणतं?

प्रॅटरबाई आली त्या दिवशी वेलनला इस्त्रीचा सदरा, केसांना पाणी लावून भांग. मॉडी मागे खुर्चीवर, मुठीत सफरचंदाच्या फोडी. चित्र दिसलं की शब्द. चित्र दिसलं की शब्द. डेल्फा कोपऱ्यात बसून बघत होती. तिने मॉडीकडे बघितलं. मॉडीने डोळा मिचकावला.

जागेसाठी गुण अठ्ठ्याहत्तरच्या खाली यायला हवे होते. वेलनला मिळाले एक्क्याऐंशी.

पुढच्या गुरुवारी मॉडीने ओसरीवरूनच ओरडून विचारलं, "झाला ना गं पास?"

"झाला."

"बघ! अगं बघ! आणि तू म्हणे वाईट दाखवा! कधी जायचं मग शाळेत?"

डेल्फाने तिला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. तीनदा सांगावं लागलं. मॉडीला ते उलटंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते उलटंच होतं. पास झाला म्हणून शाळा नाही. नापास झाला असता तर शाळा.

"म्हणजे मी..." मॉडी म्हणाली आणि तोंडाला पदरासारखा एप्रनचा सोगा लावला. "माझ्या हाताने केलं मी हे?"

"तुमचं काही चुकलं नाही."

"मी म्हातारी झाले, डेल्फे. तो वाढतोय. आत्ताच मला तो उचलवत नाही. मी गेल्यावर त्याला पाणी मागता यायला हवं गं. एवढंच. पाणी मागता यायला हवं."

 डेल्फा म्हणाली, "एक बैठक होईल. पाच जणी टेबलाभोवती बसतात. गुण जास्त असले तरी दुसरा पुरावा दाखवला तर जागा देता येते त्यांना. पुरावा आहे माझ्याजवळ. तुम्ही फक्त या, बसा आणि शेवटी सही करा. सहीशिवाय होत नाही. बाकी माझ्यावर सोडा."

कसला पुरावा ते तिने सांगितलं नाही. सांगायचं होतं, नाही असं नाही. नऊ जूनला ती मॉडीला आपल्या ट्रकमधून खाली घेऊन निघाली तेव्हा सांगायला पंचवीस मैलांचा वेळ होता. वेलनला शेजारणीकडे ठेवलेलं. मॉडीने चर्चला जायचा निळा झगा घातला होता आणि मांडीवर टोपलीत सफरचंदाचा थरांचा केक होता. दोन दिवस खपून केलेला, टेबलावरच्या बायांसाठी. "रिकाम्या हाताने कसं जायचं?" म्हणाली. रस्त्यात डेल्फाने दोनदा घसा खाकरला. एकदा म्हणाली, "मावशी, तिथे मी जे वाचेन ते..." मॉडी म्हणाली, "तू वाच गं काय ते. तुझ्यावर विश्वास आहे माझा." मग डेल्फाची वाचा बसली. भित्री! दुसरा शब्द नाही त्याला. पंचवीस मैलांत एक वाक्य जमलं नाही.

शाळेच्या वाचनालयात बुटक्या खुर्च्यांवर सगळ्या बसल्या. प्रॅटरबाईने गुण वाचले आणि म्हणाली, "या आकड्यावर जागा देता येत नाही. मिस स्टिडम, तुमच्याजवळ काही आहे म्हणालात." डेल्फाने जाडजूड फाइल उघडली. दीड वर्षाचे गुरुवार. आणि वाचायला लागली.

हाकेला दहापैकी सात वेळा प्रतिसाद नाही. एका तासात अकरा वेळा जमिनीवर डोकं आपटलं. माती खातो. अंग पुसलेलं नव्हतं. चावतो. कुठलीही गोष्ट शब्दाने मागत नाही. घरात शिकवण्यासारखं वातावरण कमी.

आधी मॉडी मान हलवत होती, जणू चर्चमधलं प्रवचन ऐकते आहे. मग तिची मान थांबली. डेल्फा वर न बघता वाचत राहिली. थांबली असती तर पुढे वाचता आलं नसतं तिला. पान उलटलं आणि ते वाक्य आलं.

"परकी व्यक्ती आणि सांभाळणारी आजी यांत फरक करत नाही. आजीला ओळखत असल्याची खूण नाही."

टेबलावरच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने लिहून घेतलं. डेल्फाला कळलं की हेच वाक्य जागा मिळवून देणार. पण ते वाक्य दीड वर्षापूर्वीचं. पहिल्या महिन्यात लिहिलेलं, तेव्हा खरं होतं. मग दर सहा महिन्यांच्या अहवालात तिने ते तसंच उतरवून काढलं होतं, कारण त्या वाक्यावर पुढच्या सहा महिन्यांचे तास मंजूर व्हायचे. आता खरं होतं का? आता वेलन मॉडी दिसेनाशी झाली की दाराकडे बघायचा. हे डेल्फाने बघितलं होतं, लिहिलं नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?" मॉडी म्हणाली. आवाज अगदी हळू.

प्रॅटरबाईला वाटलं म्हाताऱ्या बाईला समजत नाहीये, म्हणून तिने मदत केली. फाइल तिच्यापुढे सरकवली आणि बोट ठेवून म्हणाली, "हे बघा, प्रत्येक पानावर तुमची सही आहे, मिसेस नोबल."

होतीच. मॉडीची वाकडीतिकडी सही, दर पानावर.

मॉडीने फाइलकडे बघितलंच नाही. तिने डेल्फाकडे बघितलं. "तो मला ओळखत नाही?"

 टेबलाच्या टोकाची बाई पेन धरून बसली होती. "ओळखतो" म्हटलं तर जागा गेली. डेल्फा म्हणाली, "नाही ओळखत."

"नक्की?"

"नक्की, मावशी."

दहा मिनिटांत जागा मंजूर झाली. पाचही हात वर. ऑगस्टपासून, आठवड्यातून चार दिवस, बस दारापर्यंत. प्रॅटरबाईने संमतीचा कागद आणि पेन मॉडीपुढे ठेवलं आणि हसली. मॉडीने पेन उचललं, जागच्या जागी सरळ ठेवलं, टोपली उचलली. केक तसाच्या तसा होता, कुणी कापलाही नव्हता.

"दीड वर्ष माझ्या ताटात जेवलीस," ती डेल्फाला म्हणाली. "आणि दारात उभी राहून हे लिहीत होतीस."

"मावशी, ते त्याच्यासाठीच..."

"मी तुझी मावशी नाही."

ती परत डेल्फाच्या ट्रकमध्ये बसली नाही. वर जाणाऱ्या, लाकडं वाहणाऱ्या गाडीला हात केला आणि केकची टोपली मांडीवर घेऊन निघून गेली.

सहीशिवाय जागा नाही. वेलनच्या वाढदिवसाला दहा दिवस उरले होते. डेल्फा दोनदा वर गेली, दाराला कडी. तिसऱ्यांदा गेली तो गुरुवार होता आणि दुसऱ्या दिवशी वेलनचा वाढदिवस, म्हणजे तिची शेवटची खेप. हातात संमतीचा कागद. गाडीचा आवाज ऐकून वेलन जाळीच्या दाराशी आला. गुरुवार त्याला कळत होता. त्याने जाळीवर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाला, "आत." पहिल्यांदाच त्याने एखादा शब्द काहीतरी हवं म्हणून वापरला, आणि हवी होती ती डेल्फा.

मॉडी मागून आली. तिने ते ऐकलं. तिने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. पोराने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, सुटलं आणि जमिनीवर डोकं आपटायला लागलं. एक, दोन, तीन, चार. डेल्फा बाहेरून ओरडली, "खांदे दाबा त्याचे! दोन्ही हातांनी दाबा, जोरात! दार उघडा, मी करते!"

"नको." मॉडीच्या मनगटातून रक्त येत होतं. "मी परकीच ना त्याला? आणि तू घरची. मग असं कर, लिही. हेपण लिही. किती झाले? आठ? लिही आठ."

"मॉडी, पाया पडते तुमच्या, सही करा. माझ्यावर थुंका, पण सही करा."

 मॉडी वेलनजवळ जमिनीवर बसली, नुसती बसली, हात लावला नाही. पोर थकलं. रांगत रांगत आजीच्या मांडीपर्यंत गेलं, तिच्या एप्रनच्या खिशात हात घातला, कान तिच्या पोटाला लावला आणि शांत झालं. डेल्फा तिथून चार हातांवर उभी होती. तिच्याकडे त्याने वळूनही बघितलं नाही. मॉडी रडत होती, आवाज न करता. कडी काही निघाली नाही.

शेवटच्या खेपेचा अहवाल त्याच दिवशी लिहावा लागतो. डेल्फा ओढ्याच्या काठी ट्रक थांबवून लिहायला बसली. डोकं आपटणं लिहिलं, चावणं लिहिलं. मग त्या जुन्या वाक्याची जागा आली. दर वेळी ती ते उतरवायची. या वेळी नाही उतरवलं. लिहिलं, "आजीला स्पष्ट ओळखतो. त्रासात असताना तिच्याचकडे जातो आणि तिच्या कुशीत स्वतः शांत होतो." दीड वर्षात कागदावर लिहिलेली पहिली गोड गोष्ट. आता कुणाला उपयोग नाही तर निदान खरी तरी असू दे, असं तिला वाटलं. सहीची जागा रिकामी ठेवली, "कुटुंबाचा नकार" या चौकटीत खूण केली आणि फाइल शाळेकडे पाठवून दिली.

उन्हाळा गेला. सप्टेंबरच्या मध्यावर डेल्फाला वाणसामानाच्या दुकानात प्रॅटरबाई भेटली. ताकाच्या बाटल्यांपाशी.

"ती तुमची मॉडी नोबल येऊन गेली," प्रॅटरबाई म्हणाली. "स्वतः आली, पोराला घेऊन. त्याला आवरताना हात मोडून घेतलाय, गळ्यात बांधलेला. म्हणाली, सही करते, कुठे करू सांगा."

डेल्फाच्या हातातली टोपली खाली गेली. "मग? झाली?"

"कशी होणार? तीन महिने उलटल्यावर फाइल पुन्हा बघावी लागते आम्हाला. उघडली, तर वरच तुमचं शेवटचं पान. आजीला ओळखतो, तिच्याकडे जातो, शांत होतो. ज्या वाक्यावर जागा दिली होती तेच गेलं. उरले एक्क्याऐंशी. पाचही जणींनी नाही म्हटलं." तिने खांदे उडवले. "मला वाईट वाटलं, खरंच. मी तिला ते वाचून दाखवलं, कारण ती विचारत होती का म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मग पोराकडे बघितलं. मग म्हणाली, डेल्फाला सांगा हे खोडायला. तिला म्हणावं, लिही की तो मला ओळखत नाही. मी सही करते त्यावर, म्हणावं, वाचून करते."

डेल्फा म्हणाली, "मी आत्ता येते. आत्ता लिहून देते, चला."

"आता कसं लिहाल?" प्रॅटरबाई म्हणाली. "पोर तीन वर्षांचं झालं ना जूनमध्ये. त्यानंतर तुमचं लिहिलेलं आमच्याकडे धरत नाहीत. तिलाही तेच सांगितलं मी." तिने दोन बाटल्या उचलल्या, एकीवरची तारीख बघितली आणि ती मागे ठेवून दुसरी घेतली.